जोत्यापर्यंतचे पैसे

प्रधानमंत्री आवास योजनेतून मंजूर झालेल्या मायच्या घरकुलाचा स्लॅब सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकला. त्या रात्री मिस्त्री आणि त्याची माणसं जेवून गेल्यावर मी हिशोबाची वही काढून बसले. मार्चपासूनची एकेक पावती त्या वहीत चिकटवलेली आहे. बेरीज करता करता एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यापुढे येत होती, म्हणून हे लिहिते आहे. घरकुलाचे पैसे कमी पडतात असं सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे. पण आमचे खरे हाल झाले ते पैसे कामाच्या मागून येतात म्हणून. आधी काम दाखवा, मग हप्ता. ज्याच्याजवळ काम दाखवायला पैसे नाहीत, त्याच्याचसाठी तर ही योजना आहे ना?

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात. वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाचं. मी साकोलीला तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे उन्हाळ्यात सुट्टीही असते आणि पगारही नसतो. माय गावात राहते, धाकटा भाऊ तिच्याजवळ. दीड एकर धान, बाकी दोघांची मजुरी. बाबा २०१४ साली गेले.

जुनं घर आजोबांनी बांधलेलं. मातीच्या जाड भिंती, बांबूच्या फाट्यांवर हाती कवेलू (मातीची कौलं), पुढे सपरी (ओसरी), मागं सांदवाडी (परस). २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा दोन दिवस घरात पाणी होतं. पाणी उतरलं, आम्ही गाळ काढला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मागची भीत बसली. मी फोनवर रडत होते. माय म्हणाली, "बसली त बसली पोरी, मानसं त वाचली." त्या जागी भावानं बांबूचा तट्टा बांधला, वर ताडपत्री टाकली. त्या तट्ट्याआड मायनं पाच पावसाळे काढले.

या पाच वर्षांत नाव यादीत होतंच. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून जी यादी निघाली तिच्यात आम्ही नव्हतो, का नव्हतो ते कधी कळलं नाही. पुढे २०१८ मध्ये आवास प्लसचा सर्व्हे झाला. त्याच्या यादीला सरकारी भाषेत प्रपत्र ड म्हणतात, गावात नुसतं 'ड यादी'. तिच्यात मायचं नाव आलं. ग्रामसभेत वाचून दाखवलं तेव्हा मायनं बाजूच्या बाईला दोनदा विचारलं होतं, माझंच वाचलं ना. त्यानंतर मंजुरीचं पत्र हातात पडायला २०२५ चा फेब्रुवारी उजाडला.

शेजारच्या काकूंचं नाव मात्र त्याच सर्व्हेत कटलं होतं. मुलानं जुनी मोटारसायकल घेतली होती, दूध घालायला. तेव्हाच्या नियमात घरी दुचाकी असली की घरकुल नाही. फ्रिज असला तरी नाही, घरातल्या कोणाची कमाई महिन्याला १०,००० च्या वर असली तरी नाही. २०२४ मध्ये दुचाकी आणि फ्रिजची अट काढली आणि कमाईची मर्यादा १५,००० केली. काकूंनी नव्या सर्व्हेत परत नाव दिलं आहे. त्यांच्या घराला अजून कवेलूच आहेत आणि मोटारसायकल केव्हाच भंगारात गेली.

आमच्या गावात जुनी माणसं अजून 'इंदिरा आवासवालं घर' म्हणून पत्ता सांगतात. ती योजना १९८५-८६ सालची. १ एप्रिल २०१६ पासून तिचीच प्रधानमंत्री आवास योजना - ग्रामीण झाली. घराचं क्षेत्रफळ २० चौरस मीटरचं २५ झालं, म्हणजे २६९ चौरस फूट. रक्कम सपाट भागात ७०,००० ची १,२०,००० झाली. शेजारच्या गडचिरोली, गोंदियासारख्या जिल्ह्यांत १,३०,०००. शौचालयाचे १२,००० वेगळे आणि रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावर ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं ती २८,०८० होते. पण १,२०,००० हा आकडा २०१६ पासून हललेला नाही. सिमेंट, सळाख, वीट, मिस्त्रीचा रोज, सगळं हललं. राज्य सरकारनं २०२५ च्या एप्रिलात ५०,००० ची वाढ जाहीर केली, ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या सौर पॅनलसाठी. मायच्या खात्यात त्यातलं अजून काही आलेलं नाही, पण वाढ झाली हे चांगलंच झालं.

आता पहिल्या हप्त्याचं सांगते. १५,००० रुपये. गावातल्या बाकी बायांच्या मोबाईलवर मेसेज आले, मायच्या आला नाही. पासबुक भरून आणलं, त्यात नाही. पंचायत समितीत गेलो तर म्हणाले, पैसे पडलेत. तीन चकरा झाल्यावर एका मुलानं संगणकावर बघून सांगितलं की आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं आहे. ते खातं जनधनच्या वेळी उघडलं होतं, त्याचं पासबुकही सापडत नव्हतं. पैसे तिथे सुखरूप होते. तुमच्या घरी घरकुल मंजूर झालं असेल तर आधी एवढं करा. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासा. अर्जावर खातं कोणतंही लिहिलेलं असो, पैसे आधार जिथे जोडलंय तिथे जातात.

हप्ता आला की जुनं घर पाडायचं. आमच्याकडे दुसरी जागा नव्हती, त्याच जागेवर बांधायचं होतं. मार्चच्या शेवटी आम्ही कवेलू उतरवले. भाऊ वर, मी मधे शिडीवर, माय खाली. एकेक कवेलू हातातून हातात. वरून पांढुरके, आणि आतून चुलीच्या धुरानं इतके काळे की माझे तळहात चार दिवस धुऊनही निघाले नाहीत. माय ते दहा-दहाच्या थप्प्या लावून मोजत होती, १,८०० च्या वर निघाले, शंभरेक फुटले. आडव्या लाकडी मयालीवर आजोबांनी कोरलेलं साल होतं, तो तुकडा भावानं जपून ठेवला आहे. भिंती पाडायला मात्र एक दिवसही लागला नाही. संध्याकाळी मातीचा ढीग तेवढा उरला. मायनं त्याच्यावर पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून, आणि आपली खाट बैलांच्या कोठ्यात नेऊन टाकली. बैल आता नाहीत, कोठा आहे. तिथे ती सहा महिने राहिली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. आमच्या जागेखाली कन्हार आहे, काळी चिकण माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मुठीएवढ्या भेगा पडतात. मिस्त्री पहारीनं टोचून म्हणाला, "मुरूम लागेस्तोर खोदा लागते मावशी, नाहीत दोन उन्हाळ्यात भिती चिरते. पंधरा हजारात पायाच नाही निघत." मी म्हटलं, हप्ता एवढाच आहे. तो म्हणाला, "सगळ्यांचा एवढाच हाय बाई." ५ फूट खोदल्यावर मुरूम लागला.

जोत्यापर्यंतचा, म्हणजे भिंती सुरू होतात तिथपर्यंतचा, हिशोब वहीत असा आहे. खोदाई, बोल्डर, गिट्टी, रेती, सिमेंट, सळाख, विटा, मिस्त्री आणि दोन रेजा (मजूर बाया), मिळून ६१,४००. सरकारचे आले होते १५,०००. मायच्या बचत गटातून ३०,००० कर्ज घेतलं, शेकडा १ रुपया महिना. दोन शेळ्या विकल्या, त्यांचे ११,००० आले, त्यातली एक गाभण होती. उरलेले ५,४०० माझे. गट नसता तर आम्ही सावकाराकडे गेलो असतो, किंवा खड्डा खोदून बसून राहिलो असतो. गटातल्या बायांनी एका बैठकीत ठराव केला आणि आठवड्यात पैसे दिले, आणि त्यातल्या तिघींची स्वतःचीच घरकुलं चालू होती. हे मी विसरणार नाही.

जोता झाला की फोटो. घरकुलाचे अभियंता मोबाईल घेऊन येतात, लाभार्थ्याला जोत्यापुढे उभं करतात, फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात, त्याला जिओ टॅगिंग म्हणतात. तो फोटो चढला की पुढची फाईल हलते आणि मोठा हप्ता येतो. पद्धत चांगली आहे. पूर्वी कागदावर घरं उभी राहायची, पैसे उचलले जायचे आणि जागेवर बाभूळ. आता तसं सोपं नाही. पण फोटो काढायला माणूस यायला पाहिजे. आमचा जोता एप्रिलच्या १८ तारखेला झाला. अभियंता आले २२ दिवसांनी. त्यांच्याकडे कित्येक गावं आहेत, एकाच वेळी शेकडो घरकुलं मंजूर झाली आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. त्या २२ दिवसांत एका मध्यस्थानं मात्र मायला सुचवलं होतं की काही दिलं तर लवकर येतील. मायनं दिलं नाही. तिच्याकडे द्यायला नव्हतं हे एक, आणि दुसरं तिनंच मला सांगितलं, "हे घर मी अशा पैशानं नाही बांधत." फोटोच्या दिवशी मायनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. उन्हात उभं राहून डोळे बारीक झाले, म्हणून फोटो तीनदा घ्यावा लागला. रेंज नसल्यामुळे साहेब फोटो चढवायला शाळेपर्यंत चालत गेले.

हप्ता पडला त्यानंतर १९ दिवसांनी. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत काम बंद. आमच्या भागात बांधकामाचे खरे दिवस तेच असतात. ऊन ४५ च्या वर असलं तरी पाऊस नसतो, शेतात काम नसतं, माणसं मिळतात. मिस्त्री तरी किती दिवस थांबणार? तो वडशाला दुसऱ्या कामावर गेला. तो परत येईतो मृग लागला होता. भिंती सज्जापर्यंत गेल्या आणि पाऊस सुरू झाला, मग धानाची रोवणी आली, आणि रोवणीत आमच्याकडे कुठल्याच कामाला माणूस मिळत नाही. छत नसलेल्या चार भिंती सबंध पावसाळा भिजत उभ्या राहिल्या आणि माय कोठ्यातून त्यांच्याकडे बघत राहिली. ऑगस्टमध्ये एका रात्री कोठ्यात पाणी शिरलं तेव्हा ती खाटेवर पाय घेऊन सकाळपर्यंत बसली होती. हे तिनं मला सांगितलं नाही, भावानं सांगितलं.

पहिला हप्ता जोत्याएवढा असता तर? मी हा हिशोब कितीदा करून पाहिला. ६०,००० हातात असते तर एप्रिलमध्ये जोता करून मिस्त्रीला थांबवता आलं असतं, मे महिन्यात भिंती, पाऊस पडायच्या आत स्लॅब. शेळ्या राहिल्या असत्या. व्याज वाचलं असतं. सरकारचा एकही रुपया जास्त गेला नसता, तेवढेच पैसे, फक्त आधी.

असे थांबलेले जोते गावोगाव दिसतात. लाखांदूरहून साकोलीला येताना मी बसच्या खिडकीतून मोजते. जोत्यावर तरोटा वाढलेला, बाजूला तट्ट्याचं झोपडं. तपासणीच्या कागदावर हे 'अपूर्ण घरकुल' असतं आणि त्या माणसाला नोटीस जाते की पैसे घेऊनही काम का केलं नाही. तो माणूस त्या वेळी तेलंगणात मिरची तोडत असतो, पुढच्या टप्प्याचे पैसे जमवायला. नोटीस त्याच्या म्हाताऱ्या आईच्या हातात पडते. माणसाला घर बांधायचं नाही म्हणून घर थांबत नाही, एवढं तरी नोटीस काढणाऱ्यांनी समजून घ्यावं.

रेतीचंही सांगते. आमच्या गावाच्या जवळून वैनगंगा वाहते आणि आम्हाला रेती मिळत नाही. २०२५ च्या धोरणात घरकुलवाल्यांना ५ ब्रास रेती फुकट आहे, हा निर्णय फार मोलाचा आहे. आमचा पास तहसीलमधून आला तेव्हा जोता होऊन गेला होता, ती रेती आम्ही ट्रॅक्टरमागे ४,५०० देऊन घेतली होती. जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत घाटातला उपसा बंद असतो, म्हणजे पासाचा उपयोग त्या आतच करायचा, आणि वाहतूक आपली आपण. पुढच्या हंगामात ज्यांचं घरकुल आहे त्यांनी मंजुरीपत्र हातात पडल्याच्या दिवशीच पासाचा अर्ज द्यावा, जोत्याची वाट पाहू नये.

आमचं निदान नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, घर होतं. आजोबांच्या नावाचं, म्हणून काकांची संमती घ्यावी लागली, ती त्यांनी दिली. गावाच्या पलीकडच्या टोलीवर २० घरं आहेत, त्यांचं तेही नाही. ती जागा झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर हजारो हेक्टर जमीन 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली आहे. तिथे झुडपं असोत नसोत, शाळा असो, स्मशान असो, घर असो. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही जमीन वनच मानायची, पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं ज्या जागा दिल्या त्यांच्यासाठी राज्यानं केंद्राची मंजुरी मागावी. टोलीवरच्या लोकांकडे कुणी जागा दिल्याचा कागद नाही. तिथल्या एका आजीचं नाव ड यादीत मायच्या वर होतं, मंजुरीही आली होती, पण जागेचा कागद नाही म्हणून ती तशीच पडून आहे. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता १,००,००० पर्यंत मिळतात, पूर्वी ५०,००० मिळायचे. मी त्या आजींचा अर्ज भरून दिला आहे. गावठाणाला लागून कुणी ५०० फूट विकायला तयार झालं तर त्यांचं होईल. गावात कुणाशी बोलायचं ते मायच बघते आहे, ती याबाबतीत माझ्यापेक्षा चिवट आहे.

आतापर्यंत आमचे २,८६,००० लागले. शौचालय झालं, बाहेरचं प्लास्टर राहिलं आहे. रोजगार हमीचे मस्टर, म्हणजे हजेरीपट, थोडेच निघाले, उरलेल्या दिवसांसाठी भाऊ रोजगार सेवकाकडे जातो आहे. आणि तरीही मला मनापासून म्हणायचं आहे की ही योजना नसती तर मायला पक्कं घर झालं नसतं, कधीच नाही. तासिकेच्या पगारात मी ते करू शकले नसते. घर मायच्या नावावर आहे. तिच्या नावावर आयुष्यात झालेली ही पहिली वस्तू.

उतरवलेले कवेलू वाया गेले नाहीत. स्लॅबचं घर उन्हाळ्यात तापणार हे मायला ठाऊक होतं, म्हणून पुढे जुन्याच फाट्यांची सपरी काढली आणि तिच्यावर तेच धुरकटलेले कवेलू चढवले. एप्रिल-मे मध्ये ती तिथेच झोपणार.

एक अडचण मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. धानाची ढोली. बांबूची, शेणामातीनं लिपलेली, साडेचार फूट रुंद, जुन्या घरात कोपऱ्यात उभी असायची. घर पाडताना ती कोठ्यात हलवली आणि पावसाळ्यात खालून कुजली. कुजली नसती तरी तीन फुटांच्या दारातून आत गेली नसती. माय दारात उभी राहून म्हणाली, "ढोली नाही त धान कुठं ठेवू? पोत्यात उंदरं खातेत." शेवटी दिवाळीच्या आधी बुरडाला बोलावलं. तो हिरवे बांबू घेऊन आला, अंगणात कामट्या काढल्या, आणि नव्या खोलीच्या कोपऱ्यात बसून ढोली आतच विणली. तळापासून वर, गोल फिरत, दोन दिवस. सिमेंटच्या वासात ओल्या बांबूचा वास मिसळला होता. विणून झाल्यावर मायनं शेण-माती कालवली आणि हाताला लागेल तिथपर्यंत स्वतः लिपली, वरचं भावानं. २६९ फुटांतली बरीच जागा त्या ढोलीनं घेतली आहे.

काल ती पूर्ण वाळली. धान कापायला अजून आठवडा आहे, आणि शेवटच्या हप्त्याचा फोटो काढायला साहेब सोमवारी येतो म्हणाले आहेत. हिरवं लुगडं मायनं धुऊन ठेवलं आहे.